कच्चा डोळा

"पिकला रे सहादू! पिकला एकदाचा!"

चांदवडची एसटी नाशिकच्या स्टँडात शिरून धड थांबलीही नव्हती, तोच कुसाबाईनं खिडकीच्या गजांतून तोंड काढून ही बातमी दिली. फलाटावरच्या चार माणसांनी वळून पाहिलं. म्हातारीचा चेहरा होताच तसा, घरात नातवंड जन्मल्याचं सांगत असावी असा. सहादूनं आईला धरून खाली घेतलं, तिचं गाठोडं काखेत मारलं, आणि तिथेच, त्या गर्दीत, तिनं उजव्या डोळ्याची पापणी बोटानं वर करून चेहरा त्याच्यापुढे धरला. "बघ. काय बी दिसत नाय. पार काळोख. सोमानं बत्ती धरली डोळ्यापुढं, तरी कळू नाय राहिलं मला. म्या म्हनलं, मंग पिकला! सहा वर्सं वाट पाह्यली बाई, सहा वर्सं. आता काढ म्हनावं तुह्या डाक्टरला." डोळ्यातली बाहुली मोठी झाली होती, हिरवट-करडी, कशाकडेच न बघणारी. सहादूनं ती पाहिली आणि तो "हो" म्हणाला. काय म्हणायचं ते ठरायच्या आतच हा 'हो' तोंडातून निसटला. सहा वर्षांपूर्वीचाही असाच निसटला होता, आणि त्याच्यामागे सहादू आजवर धावतो आहे म्हणा, किंवा त्याच्यापासून पळतो आहे म्हणा. त्याचं त्यालाही धड सांगता आलं नसतं.

रिक्षात ती सगळ्या रस्ताभर बोलत होती. या वर्षी कांद्याला माणसं मिळेनात, धाकट्या सुनेचं, मैनाचं पोट दुखतं, धाकट्या लेकाला, सोमाला शेळी घ्यायचीय, बुद्धविहाराला पत्रे टाकले. डावीकडून सायकल आली की ती दचकायची नाही. अगदी समोर आली की दचकायची. सहादू ते बघत होता. कंपनीत त्याचं कामच बघण्याचं. अंबडच्या कारखान्यात तो इन्स्पेक्शनला. मशीनवरून उतरलेला जॉब हातात घ्यायचा, गेज लावायचा; गेजचं एक तोंड भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. गेलं तर तो जॉब लाल डब्यात. पगारे साहेबांचा शिक्का पडला की पुन्हा बघायला नको, असं सगळी शिफ्ट म्हणायची. तर हे पगारे साहेब रिक्षात बसून आईच्या डाव्या डोळ्याची परीक्षा करत होते, आणि त्यांना स्वच्छ कळत होतं की हाही डोळा चालला आहे. कडेचं तिला काही दिसत नाही. नळीतून पाहावं तसं फक्त समोरचं दिसतं. तो रिक्षावाल्याला उगाचच म्हणाला, "जरा हळू घे बाबा."

एक्क्याऐंशी साल. तेव्हा ती म्हणायची, दिव्याला रंगीत कडं दिसतं. उजवीकडून डोकं ठणकायचं, उलट्या व्हायच्या. गावात पित्तावरची पुडी झाली, डोक्याला बांधलेला फडका झाला, मग सहादू तिला नाशकात घेऊन आला. जुन्या गावात एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी तिला टेबलावर आडवं केलं, डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकला आणि एक चिमुकलं यंत्र उभंच्या उभं बुबुळावर टेकवलं. त्याला बारीक तबकडी होती, तबकडीवर काटा. सहादू बघतच राहिला. अरे, हा तर गेजच! माणसाच्या डोळ्यावर गेज लावतात हे त्याला माहीत नव्हतं. डॉक्टरांना त्याचं कुतूहल आवडलं असावं. "काटा जितका कमी हलेल तितकं आत प्रेशर जास्त," ते म्हणाले. उजव्या डोळ्यावर काटा जेमतेम हलला. डाव्यावर थोडा बरा. मग त्यांनी सहादूला बाहेरच्या खोलीत नेलं आणि समजूतदार माणसाला सांगावं तसं सांगितलं. "काचबिंदू आहे. मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू. नीट ऐका. मोतीबिंदू काढला की माणसाला दिसायला लागतं. यात गेलेलं परत येत नाही. आहे ते मात्र राखता येतं. दोन्ही डोळ्यांत रोज चार वेळा थेंब, एकदाही चुकवायचे नाहीत. महिन्याच्या महिन्याला प्रेशर तपासायला आणा. कळलं?" सहादू म्हणाला, कळलं. आणि खरंच कळलं होतं. एखादा अडाणी माणूस असता तर त्याला निदान म्हणता तरी आलं असतं की बुवा, माझ्या ध्यानात राहिलं नाही.

ती बाहेर बाकावर बसली होती, पदर तोंडाशी धरून. घाबरलेली. "काय म्हनला रे?" तिनं विचारलं. आणि सहादू म्हणाला, "बिंदू आहे म्हणाले डोळ्यात." बस, एवढंच. पुढं तो सांगणार होता. शपथेवर सांगेल तो, की पुढचं सांगायला त्यानं तोंड उघडलं होतं. पण अर्धाच शब्द बाहेर पडला होता आणि त्या अर्ध्या शब्दावर कुसाबाईनं झडप घातली. "मोतीबिंदू व्हय? हात्तिच्या! मंग एवढं काय भ्यायचं? यशोदाबाईला नव्हता झाला? पिकू द्यावा लागतो तो. कांद्याची मान पडल्याबिगर कोन उपटतं का? पिकू दे, मंग काढू." तिच्या चेहऱ्यावरची भीती अशी झर्रकन उतरली, ती चक्क हसली. जन्मभर लोकांच्या रानात कांदे काढलेली बाई. कच्चं काय आणि पिकलेलं काय, एवढं एक तिला पक्कं ठाऊक होतं. सहादूनं तिच्याकडे पाहिलं. म्हणाला, "हो. पिकू दे."

आता यावर त्यानं सहा वर्षं पॉलिश केलं. आई घाबरली होती, तिला आणखी घाबरवायचं नव्हतं. तिला समजलं नसतं. सवडीनं सांगणार होतो. हे सगळं तो मनातल्या मनात इतक्या वेळा बोलला होता की ते गुळगुळीत झालं होतं, गेजमधून आरामात गेलं असतं. पण खरं ते निराळं होतं. चार वेळा थेंब म्हणजे ती इथे राहणार. गावात कोण टाकणार थेंब? सोमा आणि मैना उजाडायच्या आत रानात जातात. तेव्हा ती इथे येणार, सिडकोतल्या त्याच्या दोन खोल्यांत, कायमची. नुकतंच ते घर मिळालं होतं. कामावरून आल्यावर तो खुर्ची टाकून रेडिओपुढे बसायचा, बायको, सिंधू, चहा आणून द्यायची, आणि त्या वेळी कुणी त्याला काही विचारायचं नाही. जन्मात पहिल्यांदा त्याला असं एक दार मिळालं होतं की जे लोटून घेता येतं. ती आली की दारातच बसणार, दातांना मिश्री लावणार, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाळी देऊन विचारणार, "कोन गाव रे बाबा तुमचं?" कॉलनीतल्या लोकांसमोर त्याला "सहाद्या" म्हणणार. गावात तो तिला माय म्हणायचा. नाशकात एसटीतून उतरली की आई म्हणायचा. एवढ्या एका गोष्टीवरून कुणीही ओळखावं. छे, सिंधूची काही हरकत नव्हती. तिला विचारलंच कुठे होतं? विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, आणि तीच तर त्याला भीती होती.

मग डोळा पिकू लागला. म्हणजे तिच्या मते पिकू लागला. सहादूनं थेंबांची एक बाटली तिच्याबरोबर दिली होती. ती तिनं महिनाभर टाकली आणि मग म्हणाली, आग लय होती रे, काढायचाच हाय तं कशाला जाळायचा? त्यानं दुसरी बाटली आणली नाही. वर्षातून दोनदा, जयंतीला आणि दिवाळीच्या सुटीत, तो गावी जायचा तेव्हा ती पहिला प्रश्न हाच विचारायची, "कव्हर पिकंन रे?" आणि तो म्हणायचा, "वेळ लागतो." आजूबाजूच्या बायाही यायच्या. कुणाचं पत्र वाचून दे, कुणाचा फॉर्म भरून दे. वस्तीतला पहिला मॅट्रिक तो. सहादू म्हणाला म्हणजे छापून आल्यासारखं. चौऱ्याऐंशीत शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं होतं. शहरातून डॉक्टर आले होते, घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना बोलावत होते. कुसाबाईनं त्यांना उंबऱ्यातून परत पाठवलं. "म्या सांगितलं त्येंला," ती नंतर कौतुकानं त्याला सांगत होती, "माझ्या पोरानं नाशकात दावलंय, अजून कच्चा हाय, तुमी काय बघता? गेले गुमान." सहादूच्या हातात तेव्हा भाकरीचा तुकडा होता. तो त्यानं चावला, गिळला. त्या दिवशी सांगितलं असतं तरी निम्मं वाचलं असतं. पण तीन वर्षं खोटं बोलल्यावर खरं सांगायचं तर आधी तीन वर्षांचा जाब द्यावा लागतो, आणि माणूस म्हणतो, जाऊ दे, पुढच्या खेपेला.

या वेळच्या डॉक्टर तरुण होत्या, पस्तिशीच्या, कपाळावर ठसठशीत लाल टिकली. दवाखाना नवा, मशीनं नवी. त्यांनी कुसाबाईचा उजवा डोळा पाहिला आणि फार वेळ पाहिला नाही. डावा मात्र पुन्हा पुन्हा पाहिला. "उजव्याला आता उजेडही कळत नाही," त्या सहादूला हळूच म्हणाल्या. "तो गेला. डाव्यात दोन्ही आहे, काचबिंदूही आणि मोतीबिंदूही. आतलं भिंग फुगलंय, त्यानं पाण्याची वाट दाबली गेलीय. गोळ्या देते, प्रेशर थोडं उतरेल. मग लेझरनं बुबुळाच्या पडद्याला बारीक भोक पाडू, म्हणजे पाण्याला तात्पुरती वाट होईल. आणि आठ दिवसांत ऑपरेशन. मोतीबिंदू काढायचा आणि त्याच वेळी पाणी जायला कायमची वाट करून द्यायची. उशीर चालणार नाही हं. हा एकच डोळा आहे." मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "आधी कुठेच दाखवलं नव्हतं?" सहादूनं तोंड उघडलं, पण स्टुलावरून कुसाबाईच बोलली. "दावलं व्हतं ना! हा माझा पोरगा लय हुशार. यानंच तव्हा सांगितलं, पिकू दे म्हनून." डॉक्टरबाईंनी पेन थांबवून सहादूकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या, चार शब्द बोलल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं पाहिलं आणि लिहायला लागल्या.

लेझरला तो तिला "तपासणी आहे" म्हणून घेऊन गेला. काळोखी खोली. तिची हनुवटी एका स्टँडवर टेकवली, कपाळ पट्ट्याला बांधलं, आणि सहादू पाठीमागे भिंतीला टेकून उभा राहिला. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. प्रत्येक आवाजाला तिचे खांदे किंचित हलत. गोळ्यांनी तिच्या बोटांना मुंग्या येत होत्या, ती मांडीवर बोटं चोळत होती, पण डोकं हलवत नव्हती. हलू नका म्हटलंय ना. सांगितलं तसं करणारी बाई. बाहेर आल्यावर म्हणाली, "ठिणग्या उडाल्या रे. तपासनी लय कडक हाय हितली. पन कच्चा डोळा कशाला तपासला? पिकलेला दावायचा ना." तो म्हणाला, "दोन्ही बघावे लागतात." हे दुसरं खोटं. पहिल्याला सहा वर्षं झाली होती, याला सहा मिनिटंही झाली नव्हती, आणि तरी दोन्ही एकाच वयाची वाटत होती.

ते आठ दिवस ती घरात होती, आणि गंमत अशी की काहीच झालं नाही. ती दारात बसली, मिश्री लावली, येणाऱ्या-जाणाऱ्याला गाव विचारलं, आणि कॉलनीतल्या बायका आपापली गावं सांगून तिच्यापाशी टेकू लागल्या. शेजारचे बँकेतले क्लार्क, ज्यांच्याशी सहादूचं सहा वर्षांत नमस्कारापलीकडे गेलं नव्हतं, ते देवळ्याचे निघाले आणि अर्धा तास कांद्यावर बोलत बसले. सिंधू तिच्या केसांना तेल लावून द्यायची. एकदा तेल लावता लावता सिंधू सहज म्हणाली, "आधीच आणायला हवं होतं हो यांना. मी कधी नको म्हटलं होतं?" सहादू बूट घालत होता. नाडी बांधता बांधता त्याला वाटलं आता सांगावं, दोघींना एकदमच सांगून टाकावं. त्यानं मनात वाक्यही जुळवलं. तेवढ्यात कुसाबाई म्हणाली, "त्याला कंपनीचं काम कमी हाय का, बाई." ते वाक्य मग त्यानं कामावर नेलं. दिवसभर गेज भोकात घालत, काढत, तो ते वाक्य जुळवत राहिला. आई, तुला एक सांगायचं होतं. आई, तेव्हा डॉक्टर जे म्हणाले ते. आई, तो बिंदू. तिसऱ्या प्रहरी फोरमन येऊन म्हणाला, "पगारे साहेब, हा लॉट तुम्ही पास केला? सगळे जॉब ढिले आहेत." तेरा वर्षांत पहिल्यांदा. सहादूला कसलीशी सुटका झाल्यासारखं वाटलं, निदान इथे तरी चूक पकडली गेली.

ऑपरेशनच्या सकाळी सुमनबाई नावाची आया कात्री आणि बोरिकच्या पाण्यात भिजवलेला कापूस घेऊन आली. कुसाबाई खाटेवर आडवी होती, केस दोन वेण्यांत बांधलेले, अंगात दवाखान्याचा झगा. लहान मुलीसारखी दिसत होती. सुमनबाईनं कात्रीला मलम लावलं आणि डाव्या डोळ्याच्या पापण्यांचे केस कापायला ती वाकली. कुसाबाईनं तिचं मनगट धरलं.

"चुकलीस बाई. हा न्हवं. उजवा हाय माझा."

"डावाच हाय आजी. कागदावर डावा लिवलाय."

"आगं, डावा अजून कच्चा हाय! दिसू राहिलं मला त्यानं. पिकलेला सोडून कच्चा काढता का काय? सहादू, वाच रे तो कागद. काय लिवलंय वाच."

कागद खाटेच्या पायथ्याशी होता. खाली अंगठ्याची जागा मोकळी. सहादूनं तो उचलला. जन्मभर तिनं त्याला कागद दिले आणि त्यानं वाचून दाखवले. रेशनचे, शाळेचे, बापाच्या मरणाचा दाखला. आताही सोपं होतं. 'दोन्ही' म्हटलं असतं तर तिनं अंगठा दिला असता. सुमनबाईही काही बोलली नसती, तिला काय पडलंय. मग पट्टी सुटल्यावर म्हणायचं, उजव्याचं साधलं नाही, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. म्हणजे ते पापही डॉक्टरांच्या गळ्यात बांधायचं. हे एवढं सगळं त्याच्या डोक्यातून एका श्वासात गेलं, आणि आपलं डोकं किती सराईत झालंय याची त्याला शिसारी आली.

"डावा लिहिलंय," तो म्हणाला.

"मंग मी नाय करायची." ती उठून बसली. "कच्च्या डोळ्याला हात लावू द्यायची नाय म्या. घरी चल. हे येडे झाले का काय सगळे?"

दारातून नर्सनं डोकावून सांगितलं, डॉक्टर हात धुऊन थांबल्यात, काय उशीर आहे? सुमनबाई कात्री धरून उभी. आता जर ही घरी गेली तर महिनाभरात हाही डोळा तसाच होणार, हिरवट-करडा, आणि ती पुन्हा आनंदानं सांगत येणार, दुसरा पण पिकला रे सहादू. हे चित्र त्याला इतकं स्पष्ट दिसलं की तो खाटेच्या कडेला बसलाच.

"माय," तो म्हणाला. नाशकात पहिल्यांदा म्हणाला. "उजवा पिकला नाही. तो गेला."

"गेला म्हंजे?"

"मेला. त्यानं आता कधीच दिसणार नाही, काही केलं तरी. तो मोतीबिंदू नव्हताच. काचबिंदू होता. तो पिकत नसतो माय, तो नुसता खातो. आता डाव्यालाही धरलंय त्यानं, मोतीबिंदूही झालाय. आज ऑपरेशन केलं तर हा राहील."

ती त्याच्याकडे बघत होती, मान थोडी वळवून, त्या नळीतून त्याचा चेहरा शोधत. "मंग त्या म्हाताऱ्या डाक्टरनं तव्हा खोटं सांगितलं?"

"नाही. त्यांनी बरोबर सांगितलं होतं. थेंब टाका म्हणाले होते, रोज. तू मोतीबिंदू म्हणालीस आणि मी हो म्हटलं."

"तुला ठाव व्हतं?"

"हो."

"तव्हापासून?"

"हो."

सुमनबाई कापसाची वाटी घेऊन खिडकीकडे सरकली. कुसाबाईचा हात आपोआप उजव्या डोळ्याकडे गेला. तिनं पापणीवरून बोटं फिरवली, एकदा, दोनदा. कुणी काहीच विचारलं नव्हतं, तरी सहादू बोलत सुटला. कारण आता ते थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. "चार वेळा थेंब टाकायचे होते. म्हणजे तुला इथं राहावं लागलं असतं, माझ्याकडे. मला ते नको होतं. नवीन घर होतं. मला लाज वाटायची तुझी. म्हणून नाही सांगितलं. दुसरं काही कारण नाही." बोलून झाल्यावर त्याला वाटलं होतं की ती त्याच्या थोबाडीत मारील, निदान रडेल.

"म्या कशाला राह्यली असती रे तुह्यापाशी?" कुसाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, नवल होतं. "मला करमतं का हितं? बाटली घेऊन गेली असती ना गावाला. मैनानं टाकले असते थेंब. मैना नसती तं मीच टाकले असते, आरशात बघून. महिन्याला एसटीनं आली असती आन संध्याकाळच्या गाडीनं परत. तू फकस्त सांगायचं व्हतं."

म्हणजे तेही नव्हतं. ज्याच्यासाठी त्यानं तिचा डोळा घालवला होता ते संकट मुळात येणारच नव्हतं. सहादू तोंड झाकून रडायला लागला, मोठ्यानं, वेड्यासारखा, आणि वॉर्डातल्या इतर खाटांवरच्या, दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधलेल्या माणसांनी आवाजाच्या दिशेनं माना वळवल्या. कुसाबाई पुन्हा आडवी झाली. तिनं सुमनबाईला हाक मारली. "ये बाई. काप डावा. आन ती शाई आन इकडं, अंगठा देते."

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरबाई बाहेर येऊन म्हणाल्या, प्रेशर उतरलंय, मोतीबिंदूही स्वच्छ निघाला, डोळा राहील असं वाटतं. पाच दिवस ती दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून उताणी पडून होती. सहादूनं रजा टाकली होती. तो तिला शिरा भरवायचा, पाण्याचा तोटीचा पेला तोंडाशी धरायचा, पाय दाबायचा. ती खायची, प्यायची, पाय दाबून घ्यायची. गावाकडून सोमा आला, मैना आली, देवळ्याचे क्लार्क येऊन गेले. प्रत्येकानं विचारलं, उजव्याचं काय? आणि प्रत्येक वेळी सहादू तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "त्याचं नशीब नव्हतं," कुसाबाई म्हणायची. "जुनं दुखनं. डाक्टर तरी काय करतीन." एवढंच. सोमालाही तिनं सांगितलं नाही. सिंधूला सहादूनंच सांगितलं, तेव्हा सिंधू दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. पण आई बोलत होती. तू जेवला का रे, चहा घेतला का, घरी जाऊन पड जरा, असं विचारत होती, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी सहादूला हळूहळू हलकं वाटू लागलं. आईचं काळीज ते. तिनं पोटात घातलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याला बाकावर बसल्या बसल्या गाढ झोप लागली.

सहाव्या दिवशी पट्टी सोडली. डॉक्टरबाईंनी बोटं धरली, कुसाबाईनं मोजली, तीन, दोन, पाच. "तुमची टिकली लाल हाय," ती म्हणाली, आणि डॉक्टरबाई हसल्या. मग तिनं मान वळवून सहादूला शोधलं, हातानं त्याचा चेहरा जवळ ओढला, अगदी नाकाशी नाक येईपर्यंत. "वाळलास किती रे," ती म्हणाली. जाड भिंगाचा चष्मा दीड महिन्यानं मिळणार होता. तोवर सगळं धूसरच दिसणार, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, थेंब चार वेळा. डॉक्टरबाईंनी डोळ्यांवर हिरव्या कापडाची झापड बांधून दिली, उन्हासाठी. सहादूनं थेंबांची बाटली वरच्या खिशात ठेवली, कुठल्या वेळी किती ते दोनदा विचारून घेतलं, आणि गाठोडं उचललं.

व्हरांड्यात चांगलंच ऊन आलं होतं. फाटकाशी रिक्षा उभी होती. सुमनबाई निरोप द्यायला म्हणून दारापर्यंत आली, हातातल्या ओल्या फडक्यानं कठडा पुसत मागेच थांबली. सहादूनं आईचा दंड नीट धरला होता. झापडेखालून तिला जमीन दिसत नव्हती, ती पाय घासत, चाचपत चालत होती.

"माय, जपून," तो म्हणाला. "पुढं पायरी आहे."

कुसाबाईनं उचललेला पाय तिथेच परत टेकला. दंड त्याच्याच हातात होता, तो तिनं सोडवून घेतला नाही. नुसती मान मागे वळवली.

"सुमनबाई," तिनं विचारलं, "हितं पायरी हाय का गं?"

"हाय ना आजी. तीन हायेत."

मग तिनं पाय खाली टाकला.